हेडसेटमधले घर आणि ताब्यातले घर : वाचकांचे प्रश्न, आर्किटेक्टची उत्तरे

गेल्या दोन-तीन महिन्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांमध्ये एक विषय सारखा डोकावतो आहे. इमारतीचा पाया जेमतेम भरलेला असतो, पण विक्री कार्यालयात डोळ्यांवर हेडसेट चढवून ग्राहकाला त्याच्या घरातून फिरवून आणले जाते, आणि ओटा, फरशी, कपाटे, क्वचित भिंतीसुद्धा तिथल्या तिथे बदलून दाखवल्या जातात. मुंबईत माणूस घरासाठी आयुष्यभराची पुंजी लावतो, म्हणून हे साधन नीट समजून घेण्याची वाचकांची इच्छा मला मोलाची वाटते. मी माझ्या कामात थ्रीडी मॉडेल आणि व्हीआर (व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटी, म्हणजे हेडसेटमधून आत फिरता येणारे आभासी दृश्य) दोन्ही वापरते, आणि ग्राहकांनीही त्यांचा पुरेपूर उपयोग करून घ्यावा, अशा मताची आहे. मात्र त्या घरात शिरताना सोबत मेजर टेप असावी, हा माझा आग्रह पुढच्या जवळजवळ प्रत्येक उत्तरात दिसेल. पत्रलेखकांची नावे त्यांच्या विनंतीनुसार दिलेली नाहीत.

प्रश्न : आम्ही गोरेगाव पूर्वेला एका नव्या इमारतीत चौदाव्या मजल्यावर ६१० चौरस फूट कार्पेटचे, दोन बेडरूमचे घर घेण्याच्या विचारात आहोत. हेडसेट लावून पाहिले तेव्हा घर प्रशस्त वाटले. नंतर त्याच मापाचा सँपल फ्लॅट पाहिला तर बेडरूममध्ये अडचण वाटली. मग हेडसेटमधले खरे मानायचे की सँपल फ्लॅटमधले? — एक दांपत्य, गोरेगाव

उत्तर : दोन्ही अनुभवांमागची कारणे शोधता येतात, आणि तुमच्या बाबतीत ती शोधणे फारसे अवघड नाही.

हेडसेटमध्ये जे दिसते ते चित्र नसते. आधी नकाशावरून घराचे संगणकीय मॉडेल तयार केले जाते, त्यातली प्रत्येक भिंत, दार आणि खिडकी मापानिशी उभी असते, आणि तुम्ही मान वळवली की संगणक ते दृश्य दोन्ही डोळ्यांसाठी वेगवेगळे, सेकंदाला सत्तर-नव्वद वेळा नव्याने रेखाटतो. म्हणजे मापे खरी घातली असतील तर हेडसेटमधली खोली मापाने खरीच असते. किंबहुना, या विषयावर झालेल्या प्रयोगांत असे वारंवार आढळले आहे की हेडसेटमध्ये माणसाला अंतरे प्रत्यक्षापेक्षा थोडी कमीच भासतात. तुम्हाला मात्र घर मोठे वाटले. तेव्हा दोष यंत्रात नसून आत मांडलेल्या वस्तूंमध्ये असावा, असा माझा पहिला अंदाज आहे.

तुमची बेडरूम नकाशावर १० फूट बाय ११ फूट आहे, असे तुम्ही लिहिले आहे. दुहेरी पलंग साधारणपणे ६ फूट रुंद आणि साडेसहा फूट लांब असतो आणि कपाटाची खोली २ फूट असते. दहा फुटांच्या बाजूत एका भिंतीला पलंगाचे डोके आणि समोरच्या भिंतीला कपाट आले, तर मधे उरतो दीड फूट. त्या दीड फुटात कपाटाचे दीड फुटी दार उघडून समोर माणूस उभा राहू शकत नाही. आता मॉडेलमध्ये हाच पलंग सहा फूट लांबीचा आणि कपाट पावणेदोन फूट खोलीचे मांडा. मधली वाट सव्वादोन फूट होते आणि खोली एकदम मोकळी भासते. भिंत एक इंचही हललेली नसते. मी अशी मॉडेले पाहिली आहेत. त्यांत मुद्दाम फसवण्याचा हेतू असेलच असे नाही. पुष्कळदा चित्रे तयार करणारा दुसऱ्याच शहरात बसलेला असतो आणि संगणकात तयार असलेले परदेशी फर्निचर खोलीत बसावे म्हणून थोडे आक्रसून टाकतो. परिणाम मात्र ग्राहकालाच भोगावा लागतो.

दुसरे कारण डोळ्यांच्या उंचीचे. मॉडेलमध्ये पाहणाऱ्याचे डोळे जमिनीपासून किती उंचीवर आहेत, हा आकडा कुणीतरी भरलेला असतो. तो तुमच्या खऱ्या उंचीपेक्षा कमी असला, तर छत उंच आणि खोली ऐसपैस वाटते. तिसरे कारण न दाखवलेल्या गोष्टींचे. जाहिरातीच्या मॉडेलमध्ये बीम बहुधा नसतात. स्लॅबखाली नऊ फूट उंची असली, तरी दीड फूट खाली उतरलेल्या बीमखाली साडेसात फूटच राहते, आणि तो बीम नेमका पलंगावरून जात असेल तर ते ताबा मिळाल्यावरच कळते. प्लॅस्टर आणि टाइल्स यांचीही जाडी असते. चार फूट रुंद न्हाणीघरात दोन्ही बाजूंचे प्लॅस्टर, मसाला आणि टाइल मिळून दोन ते तीन इंच सहज खातात.

तेव्हा पुन्हा एकदा तिथे जा. मॉडेल चालवणाऱ्याला आधी सगळे फर्निचर काढून खोली रिकामी दाखवायला सांगा. बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये अंतर मोजण्याची सोय असते. त्या सोयीने दोन भिंतींमधले अंतर, दाराची उंची आणि पलंगाची लांबी मोजून घ्या. नंतर तुमच्या घरातल्या पलंगाची, फ्रिजची आणि आईच्या शिसवी कपाटाची मापे देऊन त्याच वस्तू मांडायला सांगा, आणि दारे व कपाटांची झाकणे उघडलेली दाखवायचा आग्रह धरा. सँपल फ्लॅटमध्येही टेप लावा. मंजूर नकाशा, सँपल फ्लॅट आणि मॉडेल या तिन्हींचे आकडे एका कागदावर शेजारी शेजारी लिहिले की कोणते कुठे चुकते आहे ते लगेच दिसेल. तिन्हींत वाद झाला तर शब्द मंजूर नकाशाचा. महारेराच्या, म्हणजे राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणाच्या, संकेतस्थळावर प्रकल्पाच्या नोंदणी क्रमांकावरून त्याची माहिती पाहता येते, आणि मंजूर नकाशे मिळणे हा रेरा कायद्याच्या कलम १९ नुसार खरेदीदाराचा हक्क आहे.

प्रश्न : लालबागमधली आमची चाळ पुनर्विकासात गेली आहे. नव्या घराच्या अंतर्गत रचनेचे तीन पर्याय विकासकाने व्हीआरमध्ये दाखवले. आईचे वय ७४ आहे. हेडसेट लावताच तिला घेरी आल्यासारखे झाले आणि आता ती म्हणते, ‘तुम्हीच काय ते ठरवा.’ पण स्वयंपाकघर तर तिचेच आहे. काय करावे? — एक वाचक, लालबाग

उत्तर : तुमचे शेवटून दुसरे वाक्य वाचून मला फार बरे वाटले. ते घर ज्यांच्या हातांनी चालणार आहे, त्यांना विचारल्याशिवाय पर्याय निवडू नका.

घेरी येण्याचे कारण साधे आहे. डोळे सांगतात की आपण चालतो आहोत, आणि कानाच्या आत तोल सांभाळणारे इंद्रिय सांगते की आपण जागच्या जागी आहोत. या दोन बातम्या जुळल्या नाहीत की मळमळते. ते टाळण्यासाठी आईंना हातांच्या, न फिरणाऱ्या खुर्चीवर बसवा. मॉडेलमध्ये सरकत चालणे बंद करून एका जागेवरून थेट दुसऱ्या जागेवर नेणारी पद्धत चालू करायला सांगा. एका वेळी पाच मिनिटे पुरेत. चष्मा असेल तर तो लावूनच हेडसेट घालावा आणि भिंगांमधले अंतर त्यांच्या डोळ्यांप्रमाणे जुळवून घ्यावे, नाहीतर सगळे पुसट दिसते आणि डोके दुखते.

आणि सर्वांत महत्त्वाचे, डोळ्यांची उंची आईंच्या उंचीप्रमाणे ठेवायला सांगा. हे मी अनुभवाने सांगते आहे. काही वर्षांपूर्वी गिरगावातल्या एका कुटुंबासाठी मी स्वयंपाकघराचे मॉडेल केले होते. मुलगा, सून, मी, सगळ्यांनी हेडसेट लावून पाहिले आणि आम्हाला ते पसंत पडले. आजींची पाळी आली तेव्हा मी डोळ्यांची उंची माझ्याच मापावर ठेवली होती. त्यांनी ‘छान आहे हो’ म्हटले आणि हेडसेट काढून ठेवला. मला त्यांच्या आवाजात काहीतरी कमी वाटले म्हणून मी त्यांची उंची विचारली, चार फूट दहा इंच, आणि आकडा बदलून त्यांना पुन्हा आत नेले. या वेळी त्या गप्प होत्या. मग त्यांनी उजवा हात वर केला, बोटे हवेत दोनदा चाचपडली, आणि म्हणाल्या, ‘इथे डाळींचे डबे ठेवायचे ना? माझा हात पोचत नाही.’ डावीकडे वळून त्यांनी विचारले, ‘आणि पोळ्या लाटताना उजेड पाठीमागून येणार, म्हणजे माझीच सावली पोळपाटावर.’ दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या आणि आम्हा तिघांपैकी कुणाच्याही लक्षात आल्या नव्हत्या. वरची कपाटे सहा इंच खाली आली, ओटा खिडकीच्या भिंतीला गेला आणि त्याची उंची चौतीसऐवजी बत्तीस इंच ठेवली. चूक माझी होती. तेव्हापासून घरातल्या प्रत्येक माणसाची उंची मी आधी लिहून घेते.

हेडसेट जमलाच नाही तर हट्ट करू नका. चाळीच्या गच्चीवर किंवा अंगणात खडूने नव्या घराचा नकाशा खऱ्या मापात आखा. ओट्याच्या जागी टेबल मांडा, फ्रिजच्या जागी पुठ्ठ्याचे खोके ठेवा आणि आईंना त्यात वावरू द्या. अर्ध्या तासात त्या तुम्हाला दहा गोष्टी सांगतील. कपडे कुठे वाळत घालायचे, देवघराची दिशा, गणपतीचे मखर बसल्यावर दिवाणखान्यातून जायला वाट उरते का, वाण्याचे महिन्याचे सामान कुठे ठेवायचे, हे प्रश्न चाळीत राहिलेल्या माणसाला पहिल्यांदा पडतात, आणि ते मॉडेलमध्ये आपोआप दिसत नाहीत. एक गोष्ट माझ्याकडून जोडते. न्हाणीघराचे दार बाहेरच्या बाजूला उघडणारे किंवा सरकते मागा आणि भिंतीत आधाराचा दांडा बसवण्याची तरतूद आत्ताच करून घ्या. दार आतल्या बाजूला उघडत असेल आणि आत कुणी घसरून पडले, तर दार उघडताच येत नाही. पुढे कधी चाकाची खुर्ची लागली तर ती वळायला साधारण दीड मीटर व्यासाची मोकळी जागा लागते, तेही मॉडेलमध्ये एक वर्तुळ काढून पाहून घ्यावे.

प्रश्न : मुलुंडला बुक केलेल्या घराच्या मॉडेलमध्ये टॅबलेटवर बोटाने भिंत सरकवता येते. आम्हाला स्वयंपाकघर आणि हॉल यांमधली भिंत काढायची आहे आणि एक संडास-बाथरूम बेडरूमच्या दुसऱ्या टोकाला न्यायचे आहे. मॉडेलमध्ये हे झाले. प्रत्यक्षात होईल का? — एक वाचक, मुलुंड

उत्तर : पहिला बदल कदाचित होईल. दुसरा करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

मुंबईतल्या बऱ्याच नव्या उंच इमारती अ‍ॅल्युमिनियमच्या साच्यांनी बांधल्या जातात. साइटवर त्याला ‘मायवान’ म्हणतात. यात भिंती आणि स्लॅब एकाच वेळी काँक्रीटमध्ये ओततात, त्यामुळे घराच्या आतल्या भिंतीसुद्धा अनेकदा लोखंडी सळ्या घातलेल्या काँक्रीटच्या, म्हणजे आरसीसीच्या, असतात आणि इमारतीचा भार व वारा त्यांवर तोललेला असतो. अशी भिंत तोडणे तर दूरच, तिच्यात नंतर वायरिंगसाठी झिरी मारणेही घातक, कारण सळीवरचे काँक्रीटचे आवरण जाते आणि मुंबईच्या खाऱ्या, दमट हवेत तिथून गंज धरतो. उलट काही भिंती हलक्या ब्लॉकच्या किंवा जिप्समच्या असतात आणि त्या हलवता येतात. टॅबलेटवर दोन्ही सारख्याच पांढऱ्या दिसतात. म्हणून विकासकाकडे आरसीसी नकाशा मागा आणि त्या विशिष्ट भिंतीबद्दल स्ट्रक्चरल इंजिनिअरचे लेखी उत्तर घ्या. जिथे बांधकाम, प्लंबिंग आणि वीज यांचे सगळे थर एकाच मॉडेलमध्ये असतात, ज्याला बिम (बिल्डिंग इन्फर्मेशन मॉडेलिंग) म्हणतात, तिथे हे उत्तर मिनिटभरात मिळते. विक्रीसाठी केलेल्या चकचकीत मॉडेलमध्ये ते मिळणार नाही. ‘तुमच्याकडे बिम मॉडेल आहे का, आणि हे मॉडेल त्यावरूनच घेतले आहे का?’ हा एक प्रश्न विचारला की समोरच्याची तयारी कळते.

बाथरूमच्या जागी स्लॅब मुद्दाम खाली उतरवलेला असतो, त्या खळग्यात पाइप बसतात, वॉटरप्रूफिंग होते आणि पाणी शेजारच्या डक्टमधून, म्हणजे पाइपांसाठी ठेवलेल्या उभ्या पोकळीतून, खाली जाते. बाथरूम दुसऱ्या टोकाला नेले की तिथे ना खळगा असतो ना डक्ट. मग जमीन उंच करावी लागते, पाइपाला उतार पुरत नाही, आणि गळती सुरू झाली की खालच्या मजल्यावरच्या कुटुंबाच्या पलंगावर छतातून पाणी ठिबकते. सोसायट्यांतली कितीतरी वर्षानुवर्षांची भांडणे अशा एका हलवलेल्या बाथरूमपासून सुरू झालेली मी पाहिली आहेत.

कायद्याची बाजूही ध्यानात घ्या. रेरा कायद्याच्या कलम १४ नुसार खरेदीदाराने मागितलेले किरकोळ बदल विकासक करू शकतो, पण ‘किरकोळ’ या शब्दातून संरचनात्मक बदल स्पष्टपणे वगळले आहेत, आणि त्यांत भिंत किंवा तिचा भाग बांधणे, काढणे, कापणे हेही येते. म्हणजे बोटाने सरकवलेली भिंत कायद्याच्या दृष्टीने किरकोळ नाही. तिच्यासाठी सुधारित नकाशाची मंजुरी लागते. ‘ताब्यानंतर तुमचे तुम्ही करून घ्या’ असे कुणी सुचवले तर ते ऐकू नका, कारण तेव्हा जबाबदारी संपूर्णपणे तुमची होते, आणि ताब्यापासून पाच वर्षे संरचनेतले दोष विकासकाने स्वखर्चाने दुरुस्त करावेत ही जी सोय कायदा तुम्हाला देतो, तिच्यावरही वाद उभा राहतो.

मग व्हीआरचा खरा उपयोग कुठे? काँक्रीट पडण्याच्या आधी. मायवानमध्ये वायरिंगच्या नळ्या आणि स्विचचे डबे सळ्यांना बांधून मगच काँक्रीट ओतले जाते. तुमच्या मजल्याचे शटरिंग, म्हणजे काँक्रीटचे साचे, लागण्यापूर्वी हेडसेट लावून पलंगाच्या कडेला बसा आणि हात नेमका कुठे जातो ते पाहा. स्विच तिथे हवा. वॉशिंग मशीनचा नळ, एसीच्या पाण्याचा पाइप, पाणी शुद्ध करण्याच्या यंत्राचा पॉइंट, इंटरनेटची तार, मिक्सरसाठी ओट्यावरचे पॉइंट, हे सारे त्याच वेळी ठरायला हवे. टाइल्सचा निर्णय त्यानंतर काही महिन्यांनी घेतला तरी चालतो आणि रंगाचा तर अगदी शेवटी. विक्री कार्यालयात मात्र गंमत म्हणून आधी रंग निवडायला देतात. कोणत्या बदलाची शेवटची तारीख कोणती, हे लेखी मागून घ्या.

प्रश्न : मॉडेलमध्ये निवडलेली फरशी आणि भिंतीचा रंग प्रत्यक्षात तसाच दिसेल का? — एक वाचक, दादर

उत्तर : नाही. पडद्याचा प्रकाश आणि भिंतीवरून परतणारा उजेड वेगळे असतात. दोन बाय दोन फुटांचा रंगाचा तुकडा आणि टाइलचा खरा नमुना घरी आणून सकाळी, दुपारी आणि रात्री ट्यूबलाइटखाली पाहा. बाथरूमच्या टाइलवर पाणी ओतून, पाय ठेवून पाहा.

प्रश्न : बोरिवलीला पश्चिमाभिमुख घर स्वस्तात मिळते आहे. मॉडेलमध्ये संध्याकाळचे सोनेरी ऊन हॉलमध्ये फार सुंदर दिसते. पण उकाड्याचे काय? ते मॉडेलमध्ये कळते का? — एक वाचक, बोरिवली

उत्तर : उकाडा जाणवत नाही, पण ऊन अचूक कळते, अट एवढीच की मॉडेलमध्ये मुंबईचे अक्षांश आणि इमारतीची खरी दिशा भरलेली असावी. चित्र छान दिसावे म्हणून सूर्य हवा तिथे नेऊन ठेवण्याची सोय सॉफ्टवेअरमध्ये असते, म्हणून तारीख आणि वेळ तुम्ही सांगा आणि मगच पाहा.

मुंबई साधारण १९ अंश उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे मेच्या मध्यावर आणि पुन्हा जुलैच्या अखेरीस दुपारी सूर्य अगदी डोक्यावर येतो, जूनमध्ये तो किंचित उत्तरेकडे कलतो, आणि डिसेंबरमध्ये दुपारीही तो दक्षिणेला, क्षितिजापासून सुमारे ४७ अंशांवरच असतो. मावळतीची जागाही बदलते: जूनमध्ये नेमक्या पश्चिमेच्या सुमारे २५ अंश उत्तरेला, डिसेंबरमध्ये तितकीच दक्षिणेला. तुमच्या हॉलसाठी १५ मे, संध्याकाळचे पाच, ही वेळ लावून पाहा. त्या वेळी सूर्य क्षितिजापासून २८ अंशांच्या आसपास असतो, आणि इतक्या तिरप्या उन्हापुढे खिडकीवरचा दोन फुटांचा सज्जा खिडकीचा जेमतेम वरचा एक फूट झाकतो. बाकीचे ऊन सोफ्यापर्यंत पोहोचते. तेच सोनेरी ऊन. बाहेरच्या बाजूने बांबूचा पडदा किंवा उभ्या पट्ट्या लावू देतात का, हे विकासकाला आणि पुढे सोसायटीला विचारावे लागेल, कारण आतला पडदा उजेड अडवतो, पण काच आणि खोली तापतेच.

आणखी दोन गोष्टी तपासा. हवेसाठी सरकती खिडकी मोजताना लक्षात ठेवा की दोन काचांच्या खिडकीत निम्माच भाग उघडतो. मॉडेलमध्ये ती नेहमी पूर्ण पारदर्शक दिसते. पावसाळ्यात वारा नैर्ऋत्येकडून आणि पश्चिमेकडून येतो, तेव्हा पश्चिमेची तीच खिडकी बंद ठेवावी लागेल आणि हवा यायला दुसरी बाजू हवी. आणि खिडकीबाहेर मॉडेलमध्ये जे मोकळे आकाश दिसते, त्याबद्दल विचारा. शेजारच्या प्लॉटवर आज चार मजली जुनी सोसायटी असेल, तर उद्या तिचाही पुनर्विकास होईल. त्या जागी वीस मजल्यांचा ठोकळा उभा करून दाखवायला सांगा. संगणकावर हे काही मिनिटांचे काम आहे, आणि त्यानंतर तुमच्या हॉलमध्ये जे उरेल तो उजेड धरून घराची किंमत ठरवा.

प्रश्न : विलेपार्ल्याच्या एका प्रकल्पात आम्हाला व्हीआरमध्ये जे दाखवले, त्यातले अर्धे करारनाम्यात नाही. विचारले तर ‘ते फक्त कलात्मक चित्रण होते’ असे उत्तर मिळाले. आम्ही अजून १० टक्क्यांपेक्षा कमी रक्कम भरली आहे. — एक दांपत्य, विलेपार्ले

उत्तर : तुम्ही योग्य वेळी लिहिले आहे. नोंदणीकृत करारनाम्याशिवाय किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही, असे रेरा कायद्याचे कलम १३ सांगते. म्हणजे तुम्ही अजून बोलणी करण्याच्या जागी आहात.

कायद्यात ‘जाहिरात’ या शब्दाची व्याख्या व्यापक आहे, कोणत्याही स्वरूपातील प्रसिद्धी तिच्यात येते, आणि कलम १२ नुसार जाहिरात, माहितीपत्रक किंवा नमुना सदनिका पाहून पैसे भरलेल्या ग्राहकाचे त्यातल्या खोट्या माहितीमुळे नुकसान झाले, तर त्याला भरपाई मागता येते, आणि प्रकल्पातून बाहेर पडायचे असल्यास व्याजासह पूर्ण रक्कम परत मागता येते. हेडसेटमधले सादरीकरणही याच कक्षेत यावे, असे मला वाटते. परंतु ते सिद्ध करण्यासाठी तुमच्या हातात काय आहे? हेडसेट काढला की दृश्य नाहीसे होते, आणि पुढच्या आठवड्यात मॉडेलची आवृत्ती बदललेली असते. म्हणून आधी पुरावा तयार करा. त्या मॉडेलची फेरी पडद्यावर चालवून तिचे चित्रीकरण मागा. तुम्ही निवडलेल्या प्रत्येक गोष्टीची, म्हणजे ओट्याचा दगड, नळांचा प्रकार, खिडक्यांचे माप, पॉइंटची संख्या, अशी यादी आणि मापांसह नकाशा, तारीख व दोन्ही बाजूंच्या सह्यांनिशी करारनाम्याला जोडून घ्या. करारनाम्याच्या ठरावीक नमुन्यात नकाशे आणि सोयींचे तपशील जोडपत्रांत द्यायचेच असतात, तेव्हा तुम्ही काही जगावेगळे मागत नाही. जे जोडायला विकासक तयार नसेल, ते मिळणार नाही असे धरून चाला आणि त्याप्रमाणे किंमत बोला.

जोडपत्र वाचताना क्षेत्रफळाकडेही पाहा. महाराष्ट्रातल्या नमुना करारात कार्पेट क्षेत्रात ३ टक्क्यांपर्यंत फरक चालतो. ६०० चौरस फुटांच्या घरात हे १८ चौरस फूट होतात, म्हणजे तीन फूट रुंद आणि सहा फूट लांब पॅसेजएवढी जागा. तुमचे सगळे फर्निचर इंचाइंचाने बसवलेले असेल, तर हा फरक कोणत्या खोलीतून जाऊ शकतो, ते आत्ताच विचारा. सह्या करण्यापूर्वी मालमत्तेचे काम करणाऱ्या वकिलाकडून मसुदा तपासून घ्यावा, हे सांगायला नकोच.

प्रश्न : आम्हाला कांजूरमार्गच्या नव्या घराचा ताबा पुढच्या महिन्यात मिळेल. डिझायनर परवडणारा नाही. मुलगी बारावीत आहे आणि संगणकात हुशार आहे. आम्ही घरीच मॉडेल करू शकतो का? — एक वाचक, कांजूरमार्ग

उत्तर : नक्की करू शकता, आणि मुलीला हे काम द्याच. स्वीट होम थ्रीडी हे सॉफ्टवेअर फुकट मिळते आणि एका दिवसात हात बसतो. स्केचअपची इंटरनेटवर चालणारी मोफत आवृत्तीही पुरेशी आहे. हेडसेट विकत घेण्याची गरज नाही. लॅपटॉपवर डोळ्यांच्या उंचीवरून फिरता येते, तेवढे बस्स.

मेहनत मापे घेण्यात आहे. किल्ली मिळाल्याच्या दिवशी कुणालाही आत सामान ठेवू न देता दोघांनी मिळून टेप धरावी. प्रत्येक भिंत जमिनीलगत आणि खांद्याच्या उंचीवर अशी दोनदा मोजावी, कारण भिंत ओळंब्यात नसते तेव्हा वर-खाली अर्धा इंच फरक निघतो. मग खोलीचे दोन्ही कर्ण मोजावेत. दोन्ही सारखे आले तर खोली गुण्यात, म्हणजे काटकोनात, आहे. एक इंचाचा फरक निघाला, तर कोपऱ्यात भिंतीला भिडवून करायचे कपाट सुताराला जागेवर येऊनच मोजायला सांगावे. खिडकीची जमिनीपासूनची उंची, बीम किती खाली येतो, दार कोणत्या बाजूला उघडते, प्रत्येक स्विचबोर्ड कोपऱ्यापासून किती इंचांवर आहे, हे सगळे एका वहीत खोलीनिहाय लिहावे आणि प्रत्येक भिंतीचा समोरून फोटो घ्यावा. नंतर जुन्या घरातल्या ज्या वस्तू सोबत नेणार आहात, त्या मोजा. लिफ्टच्या दाराची रुंदी आणि आतली उंचीही त्याच वहीत लिहा. साडेसहा फुटी पलंगाची पाटी वरच्या मजल्यावर जिन्याने चढवायला हमाल वेगळे पैसे घेतात.